रीसेटचं बटण दाबण्याआधी कॅमेऱ्याचा पत्ता बघा

तुमची अडचण मला कळली ती अशी: राऊटर बदलला, नव्या राऊटरला मुद्दाम जुन्याच वायफायचं नाव आणि पासवर्ड दिला. कॅमेऱ्यावरचा दिवा ‘जोडला गेलो’ म्हणतोय, पण ॲपमध्ये दिवसभर ‘ऑफलाइन’. त्यात परवा वीज जाऊन आल्यापासून मेमरी कार्डावरच्या रेकॉर्डिंगवर १ जानेवारी १९७० अशी तारीख पडतेय. आता रीसेट करू का, असं विचारताय.

नका करू, निदान आत्ताच नको. ती १९७० ची तारीख तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण सगळं गुपित तिच्यातच आहे. घरगुती कॅमेऱ्यांत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी बहुधा नसतेच. वीज आली की कॅमेरा इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरला वेळ विचारतो. उत्तर आलं नाही की घड्याळ शून्यापासून मोजायला लागतं, आणि आत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर ते शून्य म्हणजे १ जानेवारी १९७०. थोडक्यात, कॅमेरा वायफायवर आहे, पण घराबाहेर पोचत नाहीये. त्यामुळे सिग्नल, भिंती, २.४ की ५ गिगाहर्ट्झ हा सगळा काथ्याकूट इथे बाद.

आता पोचत का नाही? बसवणाऱ्याने वहीत १९२.१६८.१.६४ लिहून दिलंय, म्हणजे त्याने कॅमेऱ्यात आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा घर नंबर) कायमचा भरून ठेवलाय. आणि तुमच्या फोनच्या स्क्रीनशॉटमध्ये गेटवे, म्हणजे इंटरनेटकडे जाणारं दार असलेल्या राऊटरचा पत्ता, दिसतोय १९२.१६८.०.१. शेवटून दुसरा आकडा बघा. जुना राऊटर १ वर होता, नवा ० वर. कॅमेरा अजून १९२.१६८.१.१ या जुन्या दारावर थापा मारतोय आणि तिथे आता कोणीच राहत नाही.

सोपा उपाय राऊटरमध्येच आहे. लॅन (घरातलं नेटवर्क) सेटिंगमध्ये राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ करा आणि डीएचसीपीची, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीची, रेंजही १९२.१६८.१ चीच झाली ना ते बघा. राऊटर रीस्टार्ट झाला की कॅमेरा बहुतेक आपोआप जागा होईल. मात्र नव्या राऊटरच्या मागे इंटरनेटवाल्यांचा डबा असेल आणि तोही १९२.१६८.१ वापरत असेल, तर हे करू नका, दोघांची टक्कर होईल.

तसं असेल तर लॅपटॉप घ्या. तो त्याच वायफायवर ठेवून त्याला हाताने पत्ता द्या: १९२.१६८.१.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. लॅपटॉपचं इंटरनेट जाईल, जाऊ दे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.६४ टाका. कॅमेऱ्याचं लॉगिन पान उघडलं की नेटवर्कमध्ये जाऊन डीएचसीपी चालू करा आणि सेव्ह करा. सेव्ह केल्यावर पान नुसतं फिरत राहील. घाबरू नका, कॅमेऱ्याने पत्ता बदलला म्हणून ते अडकलंय. लॅपटॉप पुन्हा ऑटोमॅटिकवर टाकायला विसरू नका (मी विसरलो होतो आणि अर्धा तास राऊटरला शिव्या घातल्या). लॉगिन पान उघडलंच नाही, तर लॅपटॉप किंवा कॅमेरा गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) नाही ना ते तपासा. तिथे उपकरणं बहुधा एकमेकांना दिसत नाहीत.

कायमचा पत्ता हवाच असेल तर तो कॅमेऱ्यात भरू नका, राऊटरमध्ये कॅमेऱ्याच्या मॅक पत्त्यासमोर (कारखान्यातून येणाऱ्या ओळख क्रमांकासमोर) राखून ठेवा. हे मी ठेच लागून शिकलोय. माझा एक कॅमेरा रोज संध्याकाळी सातच्या सुमारास गायब व्हायचा आणि सकाळी परत यायचा. आठवडाभर मी ॲडॅप्टर, केबल, ॲप सगळं बदलून पाहिलं. शेवटी राऊटरची यादी उघडली तर कॅमेऱ्याला मी दिलेला पत्ता राऊटर मुलाच्या टॅबलाही वाटत होता. टॅब दप्तरातून घरी आला की कॅमेरा बाहेर!

पोर्ट फॉरवर्डिंगबद्दलही, म्हणजे बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत यायला राऊटरमध्ये वाट उघडण्याबद्दलही, विचारलंय. तुमच्या ॲपला त्याची गरज नाही, कारण कॅमेरा स्वतःच आतून कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करतो. राऊटरचा वॅन पत्ता (इंटरनेटच्या बाजूचा) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनी बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतेय, आणि पोर्ट उघडूनही बाहेरून काही आत येणार नाही. येत असतं तरी मी उघडू दिलं नसतं. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने असेच इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे आणि राऊटर कारखान्यातल्याच पासवर्डने लॉगिन करून ताब्यात घेतले होते. तुमच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड अजून बसवणाऱ्याने दिलेलाच असेल, तर लॉगिन पान उघडल्यावर तोही लगेच बदला.

इतकं करूनही १९७० हटलं नाही, तर कॅमेऱ्याच्या नेटवर्क पानावरचा डीएनएसचा (सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्याचा) रकाना बघा, तिथे जुना १९२.१६८.१.१ चिकटून राहिलेला असू शकतो. आणि तारीख बरोबर पण वेळ काही तास मागेपुढे दिसली, तर नेटवर्कला हात लावू नका, फक्त टाइम झोन बदला.