मुलगी दहावीत आहे, जेवण टाळते, जाड झाले म्हणून आरशासमोर रडते. तिचा आत्मविश्वास कसा वाढवायचा?

आत्मविश्वासाचं नंतर बघू. प्रश्नाच्या खाली तुम्ही सहज एक ओळ लिहून गेलात, "घरात सगळे तिला लाडाने ढोली म्हणतात." माझं उत्तर त्या ओळीला आहे.

अमळनेर तालुक्यात आमचं एकत्र कुटुंब. जेठ कापसाचे व्यापारी, खेडा खरेदी करतात. श्रावणात कापूस नसतो, त्यामुळे काटा ओसरीत रिकामाच असतो. कानबाई या आमच्या खान्देशी देवीच्या रोटांना, म्हणजे तिच्या प्रसादाच्या सणाला, सगळी भाऊबंदकी जमलेली, पोरंटोरं काट्यावर चढउतार करत होती, आणि जेठांना हुक्की आली. एकेकाला उभं करायचं आणि वजन पुकारायचं. त्यांच्या स्वतःच्या पोरीचा नंबर लागला, ती तेव्हा आठवीत. आकडा पुकारला आणि वर म्हणाले, "हाई पोरगी नही, कापूसनं गाठोडं शे!" अख्खी ओसरी हसली. तीही हसली. (आकडा मुद्दाम लिहीत नाही. तुमची मुलगी हे वाचू शकते, आणि जाड होण्याच्या धास्तीने जेवण टाळण्याच्या आजारात दुसरीचा आकडा कळला की त्याच्या खाली जायची शर्यत लागते.)

मी तिथेच म्हटलं, भाऊ, वयात येणाऱ्या पोरीचं वजन चारचौघांत सांगायचं नसतं. "मग घरात गंमत बी करू नये का?" तेव्हापासून हा वाद चालू आहे.

पुढे पोरीने उपवास धरले. आधी सोमवार, मग शनिवार, मग चतुर्थी, एकादशी. सासूबाई गल्लीभर कौतुक सांगत फिरायच्या. आपल्याकडे हा आजार लपायला उपवासाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. पण उपास करणारी पोर भगर आणि शेंगदाण्याची आमटी तरी खाते, ही नुसती पाण्यावर. बाकीच्या दिवशी सगळ्यांसाठी शेवभाजी करायची, आग्रह करकरून वाढायची, आणि स्वतःच्या ताटात अर्धी भाकरी. तिचे नखाएवढे तुकडे करायचे आणि तासभर चिवडत बसायचं. खान्देशातला मे महिना, आम्ही घामाने निथळतोय आणि ही स्वेटर घालून. पाळी बंद झाली, उशीवर केस दिसायला लागले, दंडावर बारीक लव आली. पहाटे ओसरीतून काट्याचा टीं आवाज यायचा. मी म्हटलं, काटा गोडाऊनला न्या. जेठ म्हणाले, धंद्याची वस्तू आहे.

पुढच्या कानबाईला कोठीमागे रुमालात बांधलेले रोटाचे तुकडे सापडले. रोट घरच्यांनीच संपवायचे असतात. देवीचा कोप होणार म्हणून सासूबाई रडल्या. नजर उतरवून झाली. गावातल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं, सलाईन लावली. शाळेत चक्कर येऊन पडली तेव्हा मी भांडून तिला जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी नाडी बघितली, ईसीजी काढला, पोटॅशियम तपासायला सांगितलं, आणि मग आजाराचं नाव सांगितलं: ॲनोरेक्सिया नर्व्होसा. जेठ म्हणाले, ही सगळी मोबाईलची थेरं. अहो, विल्यम गल नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८७३ साली हे नाव दिलं, तेव्हा कोणाच्या हातात मोबाईल होता? मानसिक आजारांत सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्यांमध्ये हा मोडतो. थेरं कसली?

आता तुमचा आत्मविश्वास. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुणांना स्वखुशीने काही महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते चिडचिडे झाले, उदास झाले, दिवसरात्र खाण्याचाच विचार करायला लागले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताट तासन्‌तास पुरवायचे. त्यांना कोणी ढोली म्हटलं नव्हतं. उपाशी मेंदू असाच वागतो. म्हणून उपाशी पोरीला "तू छान दिसतेस" असं समजावून काही उपयोग नाही, आधी पोटात जाऊ द्या. आमच्याकडे डॉक्टरांनी खाण्याचा निर्णय काही काळ तिच्या हातातून काढून आईबापाच्या हातात दिला. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा खाणं, शेजारी बसून. रड, भांडण, ताट सरकवणं, सगळं होतं. कॅलरीवर वाद घालायचा नाही. जेवणानंतर तासभर तिला एकटं सोडायचं नाही, ओकायला बाथरूममध्ये जाते का याकडे लक्ष ठेवायचं. उपवास बंद, सासूबाईंना हे सगळ्यात जड गेलं. आणि वजन? दवाखान्यात तिला काट्याकडे पाठ करून उभं करायचे, आकडा फक्त डॉक्टरांना. काटा दुसऱ्या दिवशी गोडाऊनला गेला.

मात्र हे घरच्या घरी सुरू करू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर गेलं तर रक्तातलं फॉस्फरस घसरून जिवावर बेततं, त्यामुळे सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. शिवाय वजन ठीक दिसतंय म्हणून गाफील राहू नका. खाऊन ओकणाऱ्या मुलींचं वजन पुष्कळदा नेहमीसारखंच राहतं, दातांचं आवरण मात्र झिजतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मुलांनाही होतं, त्याला आपण जिमचं वेड म्हणतो.

आमची आता कॉलेजात आहे. जेवते. रोटांच्या दिवशी अजून गप्प गप्प असते.

न्यायाने एक सांगायला हवं. डॉक्टर म्हणाले होते, एका वाक्याने हा आजार होत नाही. आनुवंशिकता असते, पहिला नंबर सोडायचा नाही असा स्वभाव असतो, वय असतं. हे वाक्य जेठांना भलतंच आवडलं, पाहुण्यारावळ्यांना ऐकवतात. डॉक्टरांचं पुढचं वाक्य ते गाळतात, की बरी व्हायची असेल तर घरात कोणाच्याच शरीरावर शेरा नको. जाडीवर नको, आणि बारीक झाल्याच्या कौतुकाचा तर मुळीच नको. स्थळं बघायला आलेल्या आत्यांनाही हा नियम लागू.

मी डॉक्टर नाही, एका पोरीची काकू आहे. चक्कर, छातीत धडधड, ओकाऱ्या यांतलं काही असेल तर उत्तरं वाचत बसू नका, दवाखाना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि पाळी नियमित येते का ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलंच नाही. आज तिला तेवढं विचारा, बाकीच्यांच्या माघारी.