कोर्गल्झिनची सहल : यंदाचा सप्टेंबर की पुढल्या वर्षीचा?

फोंड्याच्या एका शिक्षिका भगिनींनी विचारले आहे की, येत्या १० ते १९ सप्टेंबर या काळात कझाकस्तानातील कोर्गल्झिन येथे जाणाऱ्या पक्षीनिरीक्षण सहलीवर पती-पत्नींनी मिळून ५,२०,००० रुपये खर्च करावेत का, आणि करायचे झाल्यास ते मुलाच्या उच्च शिक्षणासाठी साठवलेल्या ९ लाखांच्या इक्विटी म्युच्युअल फंडातून काढावेत की वैयक्तिक कर्ज घ्यावे. घरात महिन्याला १,१०,००० रुपये येतात, गृहकर्जाच्या हप्त्यासह ७२,००० खर्च होतात आणि २०,००० एसआयपीत जातात. बचत खात्यात ३ लाख आहेत, आणि ४ लाखांच्या एका मुदत ठेवीची मुदत फेब्रुवारी २०२७ मध्ये संपते. यजमानांचे म्हणणे असे की, हे पक्षी हिवाळ्यात आपल्याकडेच उतरतात, तर त्यांना गाठायला एवढे पैसे मोडून तिकडे कशाला जायचे?

यजमानांचा हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून आधी त्यालाच उत्तर देतो. कझाकस्तानच्या माळावर वीण घालणारे कांड्या करकोचे राजस्थानात खिचनला येतात, मध्य आशियातले भोवत्ये (हॅरियर जातीचे शिकारी पक्षी) गुजरातेत वेळावदरच्या गवतात रात्रीच्या मुक्कामाला शेकड्यांनी उतरतात, आणि आपल्या करमळीच्या तळ्यावरची पाहुणी बदकेही उत्तरेकडूनच येतात. परंतु सगळेच येतात असे नाही. काळा चंडोल ऐन हिवाळ्यातही सहसा तिकडचा माळ सोडत नाही. कोर्गल्झिनच्या टेंगिझ सरोवरावर रोहित पक्ष्यांची जगातली सर्वांत उत्तरेकडची नैसर्गिक वीण होते, आणि ते दृश्य ऐरोलीच्या खाडीत दिसणाऱ्या थव्यांपेक्षा वेगळे असणार. कोर्गल्झिन आणि नाउर्झुम ही दोन राखीव क्षेत्रे मिळून २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, ती हा गवताळ माळ आणि त्यातली तळी स्थलांतराच्या वाटेवर आहेत म्हणूनच. पंधरा वर्षे पहाटे उठून दुर्बीण घेऊन करमळीला जाणाऱ्या व्यक्तीने हे एकदा पाहावेसे म्हणणे, याला मी उधळपट्टी म्हणणार नाही. माझा आक्षेप सहलीला नाही, तर पैसे जिथून काढायचे ठरते आहे त्या जागांना आहे.

कर्जाचा हिशेब पाहा. ५,२०,००० पैकी ३ लाख जरी १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तरी महिन्याचा हप्ता सुमारे ९,९६० रुपये बसतो आणि व्याजापोटी सुमारे ५८,७०० रुपये जातात. आपल्याकडे महिन्याअखेर १८,००० उरतात, त्यातले निम्म्याहून अधिक २०२९ पर्यंत या दहा दिवसांसाठी बांधले जातील, आणि मुलाचे प्रवेशशुल्क नेमके याच काळात भरावे लागणार आहे.

फंडातून पैसे काढण्यात कराची भीती फारशी नाही. एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या इक्विटी फंडाच्या नफ्यावर वर्षाला १,२५,००० रुपयांपर्यंत कर नाही आणि त्यापुढे १२.५ टक्के आहे, म्हणजे नफा २ लाख धरला तरी कर साडेनऊ हजारांच्या आसपास येतो. अडचण निराळी आहे. मुलाला हे पैसे दोन वर्षांनी लागणार असल्याचे आपणच लिहिले आहे, आणि महिन्याच्या १८,००० शिलकीतून ५,२०,००० भरून काढायला सुमारे २९ महिने लागतील. (खरे तर दोन वर्षांवर आलेले शिक्षणाचे पैसे पूर्णपणे इक्विटीत ठेवणे हेच मला पटत नाही, ते टप्प्याटप्प्याने सुरक्षित योजनेत वळवायला घ्यावेत. पण तो स्वतंत्र विषय आहे.) बचत खात्यातले ३ लाख म्हणजे जेमतेम चार महिन्यांचा घरखर्च, त्याला हात लावायचा नाही.

राहिली मुदत ठेव. ती आज मोडली तर बँक बहुधा एक टक्का दंड म्हणून व्याज कमी करील आणि तरीही रक्कम अपुरीच पडेल. तीच ठेव फेब्रुवारीत पूर्ण व्याजासह हाती आली की २०२७ च्या सप्टेंबरला सात महिने उरतात. म्हणून माझा सल्ला असा की, जावे, पण पुढल्या वर्षी. पैशापलीकडचे एक कारणही त्याला जोडून आहे, जे आपल्या पत्रात कुठेच नाही. यंदा चवथ (गणेश चतुर्थी) १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे आपण माळावर असताना घरात माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, कोण बांधणार? पुढल्या वर्षी ती ४ सप्टेंबरला येते. विसर्जनानंतर निघणारी तुकडी निवडली तर सणही घरी होईल आणि स्थलांतराचा हंगामही हातचा जाणार नाही. चवथीची सुट्टी संपल्यावर लागणारी रजा मात्र शाळेत आतापासून विचारून ठेवावी. ती बिनपगारी झाली तर तो पगारही सहलीच्या खर्चात धरावा लागेल.

खर्चाचा आकडाही मी ५,८०,००० धरीन. आयोजकांचा दर डॉलरमध्ये आहे आणि रुपया वर्षभरात कुठे असेल हे सांगता येत नाही. शिवाय गोव्याहून दिल्लीपर्यंतचे जाणे-येणे, तिथला एक मुक्काम, प्रवास विमा आणि माळावरच्या गार वाऱ्यासाठी लागणारे कपडे आपल्या आकड्यात दिसत नाहीत. भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तेवढी बचत आहे. ठेवीचे ४ लाख आणि येत्या जुलैपासून दरमहा १५,००० च्या आवर्ती ठेवीतले वर्षाचे १,८०,००० मिळून व्याज न धरताही ही रक्कम उभी राहते. मात्र वर्षभर महिन्याला तीनच हजार मोकळे राहतील, हे दोघांनी आधी मान्य करावे.

आणि यजमानांना खरोखर यायचे आहे का, हे त्यांना स्पष्ट विचारावे. माळावर थंडीत तासन्तास उभे राहणे सगळ्यांनाच आनंदाचे नसते. आपण एकट्याच गटाबरोबर गेलात तर स्वतंत्र खोलीचे ३५,००० अधिक धरूनही खर्च सव्वातीन लाखांच्या आसपास राहतो, तो ठेवीतूनच भागतो, आणि उरलेल्या पैशांत डिसेंबरमध्ये दोघांना वेळावदर आणि खिचन करता येईल. मला स्वतःला हाच पर्याय अधिक आवडतो.

आयोजक बिलावर टीसीएस (परदेशी सहलीच्या बिलाबरोबर आगाऊ गोळा केला जाणारा कर) आकारील. तो खर्च समजू नये. तो आपल्या प्राप्तिकरात वळता होतो, आणि शाळेच्या कार्यालयाला वेळीच कळवल्यास पगारातून कापल्या जाणाऱ्या करातही धरता येतो. ‘शेवटच्या तीन जागा’ या निरोपाने घाई करू नये. पाठवलेल्या दरपत्रकात निघण्याआधी साठ दिवसांच्या आत नाव मागे घेतल्यास निम्मी रक्कम जप्त होण्याची अट आहे. गट पुरेसा न भरल्याने त्यांनीच सहल रद्द केली तर काय, याविषयी त्यात अक्षरही नाही. ते लेखी मिळेपर्यंत आगाऊ रक्कम भरू नये.

नव्वद हजारांची नवी दुर्बीण घ्यावी का, असेही आपण शेवटी विचारले आहे. सध्याची ८ बाय ४२ ची दुर्बीण ठीक चालत असेल तर घेऊ नये. सरोवरावरचे पक्षी फार दूर असतात आणि तिथे हातातल्या दुर्बिणीपेक्षा तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप (दूरचे पाहण्याची एकनळी दुर्बीण) कामाला येतो. मार्गदर्शकाकडे तो असेल का आणि किती जणांत एक, एवढे मात्र आयोजकांना विचारून घ्यावे.