पापांची वही

"दहा आज्ञा काही केल्या पाळल्या जात नाहीत. मग माझं तारण, पापांतून सुटका, होणार तरी कशी?" बायबलमधल्या दहा आज्ञांवरून हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे कुणीतरी घेऊन येतंच. या वेळी नगरकडचा तिशीतला मुलगा होता. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) अयोग्य रीतीने घेतलं तर दंड ओढवेल, या धास्तीने सात महिने त्याने चर्चमधलं प्रभूभोजन (येशूच्या स्मरणार्थ घेतात ती भाकर आणि द्राक्षारस) घेतलं नव्हतं.

पिशवीतून त्याने दोनशे पानी वही काढली. दिवसाला एक पान, पानावर दहा रकाने, दर आज्ञेला एक. पाचव्यात, आईवडिलांचा मान राखण्याच्या, "आईशी चढ्या आवाजात बोललो." त्याखाली तीनदा, "खरंच चढा होता का?" शेवटचं प्रश्नचिन्ह गिरवून गिरवून कागद फाटलेला.

नियमशास्त्राने, म्हणजे देवाने दिलेल्या आज्ञांनी, पापाची जाणीव होते, हे बायबलच्या रोमकरांस पत्रातलं त्याला पाठ होतं. "जाणीव झाली हो. पुढे काय?"

प्रश्न रास्तच होता. तेच पत्र लिहिणारा प्रेषित पौल गलतीकरांना लिहिताना नियमशास्त्राला बालरक्षक म्हणतो. त्या काळी मालकाच्या पोराला शाळेत नेणारा गुलाम असायचा. वाटेत कान पिळायचा, पण शिकवणारे गुरुजी वेगळे. मी म्हटलं, "तू सात महिने त्या गुलामाचा हात धरून शाळेच्या फाटकापाशीच उभा आहेस, आत ख्रिस्ताकडे जातच नाहीस."

मान हलली, चेहरा मात्र सैल झाला नाही. उपदेशाने तो सहसा होत नाही.

१५०५ साली जर्मनीतल्या एर्फुर्टच्या मठात गेलेला, पुढे धर्मसुधारक झालेला मार्टिन ल्यूथरही तासन्‌तास पापकबुली देत बसायचा. त्याच्या संन्यासी-संघातले वडीलधारे श्टाउपिट्झ वैतागून म्हणाले म्हणे, बारीकसारीक काय आणतोस, क्षमा करण्याजोगं काही आण! मी वही चाळत राहिले. आठव्या, चोरी न करण्याच्या रकान्यात एकदाच, बारीक अक्षरात: "दादाचे ४,०००."

"हे कसले?"

बराच वेळ गप्प. चुलतभावाने गाडीच्या दुरुस्तीला दिलेले, तीन वर्षं झाली. दादा विसरला असेल, असं यानेच ठरवून टाकलेलं. बाकी सगळं दहादहादा लिहिलेलं, हे एवढंच एकदा.

त्या न थांबणाऱ्या शंकांसाठी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मंत्रचळ (ओसीडी, तेच तेच विचार थांबवता न येणं) हा आजार आहे, त्यात विश्वास कमी पडल्याचा काही संबंध नाही. चार हजारांवर मात्र डॉक्टरांकडे औषध नव्हतं.

पैसे त्याने दोन हप्त्यांत फेडले. नंतर आला तो जरा हिरमुसलेलाच. "दादाने नोटा मोजल्यासुद्धा नाहीत. खिशात घातल्या आणि वहिनीला चहा टाकायला सांगितला."