छोट्या व्यवसायाच्या वेबसाइटवर फुकटचे स्टॉक फोटो टाकले तर चालतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की डिझायनरला द्यायला बजेट नाही, तर फ्री स्टॉक फोटो, म्हणजे इंटरनेटवर कुणालाही वापरायला मिळणारे तयार फोटो, टाकून साइट बरी दिसेल का, आणि रंग कसे निवडायचे. मी छोट्या धंद्यांच्याच साइट बनवतो, म्हणून स्पष्टच सांगतो, स्टॉक फोटो जमतील तेवढे टाळा आणि स्वतःच्या मोबाइलवर काढलेले खरे फोटो वापरा.

कारण लोक ते हसरे, हात मिळवणारे सूटवाले चेहरे बघतच नाहीत. लोक वेबसाइट कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २०१० मध्येच लिहून ठेवलंय की वाचणाऱ्यांची नजर कुठे जाते हे तपासलं तर खऱ्या माणसांचे आणि मालाचे फोटो लोक नीट बघतात आणि नुसती जागा भरायला टाकलेल्या फोटोंवरून सरळ पुढे जातात. शिवाय तोच फोटो आणखी दहा साइटवर असतो. गिऱ्हाइकाला बघायचं असतं की वस्तू नेमकी कशी आहे आणि काम कोण करतं, ते तुमच्याशिवाय दुसरं कोण दाखवणार?

आता फोटो काढायचा कसा, तर आधी लेन्स पुसा, हे निम्मे लोक विसरतात. वस्तू खिडकीजवळ अशी ठेवा की उजेड एका बाजूने येईल, फ्लॅश नको आणि खोलीतली ट्यूब, बल्ब सगळं बंद, नाहीतर दोन रंगांचा उजेड मिसळतो आणि वस्तू एकीकडून पिवळी आणि एकीकडून निळसर दिसते, मग एडिट करूनही ते धड निघत नाही. सावलीच्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा उभा करा, सावली लगेच मऊ होते. फार जवळ जाऊ नका, आकार वेडावाकडा येतो, थोडं मागून काढून नंतर क्रॉप करा. आणि सगळ्या वस्तू त्याच बॅकग्राउंडवर, तेवढ्याच अंतरावरून काढा, माझ्या मते साइट प्रोफेशनल दिसण्यात सगळ्यात मोठा वाटा याचाच आहे. फोटो घरातून काढत असाल तर कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा, फाइलमध्ये पत्ता जातो.

मग साइज. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि बरेचदा ३ ते ५ एमबीचा असतो, तो तसाच चढवला की साइट रखडते आणि माणूस निघून जातो. गूगलचा निकष असा की पानावरची मुख्य गोष्ट २.५ सेकंदांत दिसायला हवी. स्क्वूश नावाचं फुकट टूल ब्राउझरमध्येच चालतं, त्यात रुंदी १६०० पिक्सेल करा, वेबपी फॉरमॅट (कमी जागा घेणारा फोटोचा प्रकार), क्वालिटी ७५ ते ८०, फाइल सहसा काहीशे केबीवर येते आणि डोळ्याला फरक कळत नाही. लेझी लोडिंग, म्हणजे माणूस स्क्रोल करत तिथे पोचेल तेव्हाच फोटो उघडण्याची सोय, खालच्या फोटोंना लावा, सगळ्यात वरच्याला नको, नाहीतर तोच उशिरा येतो.

रंगांचं फार डोक्याला लावून घेऊ नका. लोगोतला एक रंग घ्या, बाकी पांढरा, काळा, करडा, आणि तो एक रंग बटणांसाठी राखून ठेवा म्हणजे कुठे दाबायचं ते आपोआप कळतं. फोटोवर अक्षरं टाकायची असतील तर मध्ये गडद पारदर्शक थर द्या, साध्या मजकुराला कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ असावा असा डब्ल्यूसीएजीचा (साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांचा) नियम आहे, ऑनलाइन चेकरमध्ये मिनिटात कळतं. पण ऑफर, फोन नंबर, वेळ हे फोटोतच लिहून बॅनर बनवू नका प्लीज, मोबाइलवर अक्षर मुंगीएवढं होतं, नंबर कॉपी होत नाही आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) ते धड वाचू शकत नाही. फोटोंना ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येईल असं फोटोचं वर्णन, द्या, "इमेज १" असं नको, फोटोत काय आहे ते लिहा. आपोआप सरकणारा स्लायडर मला अजिबात पटत नाही, वाचेपर्यंत स्लाइड गेलेली असते, एकच चांगला फोटो ठेवा.

स्टॉक लागलाच तर अनस्प्लॅश किंवा पेक्सेल्स या फुकट फोटोंच्या साइटवरून घ्या, गूगल इमेजेसमधून उचलू नका, तिथे दिसतं ते बहुतेक कुणाच्या तरी मालकीचं असतं. आणि साइट झाली की भर उन्हात जाऊन फोनवर उघडून बघा, बटण चटकन दिसलं नाही तर त्याचा रंग गडद करा.