इंजिनिअरिंग करून टेक कंपनीत मार्केटिंग हेड होता येतं का? एमबीए लागतंच का?

होता येतं की. अ‍ॅपलचा ग्रेग जोस्वियाक बघ, शिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, १९८६ ला कंपनीत लागला आणि फिल शिलरच्या जागी मार्केटिंगचा मुख्य झाला थेट २०२० मध्ये, म्हणजे ३४ वर्षं! एमबीएने दार लवकर उघडतं, बाकी काही नाही.

मी जळगावचा, सुरुवात सेल्समधूनच. रावेरला केळीच्या बांधावर पाण्याच्या मोटारीच्या मोबाइल स्टार्टरचा, म्हणजे फोनवरून मोटार चालू-बंद करायच्या यंत्राचा, डेमो देत होतो, सिग्नल सेन्सर सगळं सांगून झालं तर तिथला शेतकरी बाबा म्हणे, "भाऊ, रात्री लाइट आली त मले उठा लागीन का नाही, तेवढं सांग." तेच वाक्य पुढे आमच्या पत्रकावर छापलं. गिऱ्हाइकाला काय हवं ते असं समोर बसूनच कळतं, म्हणून आधी दोनेक वर्षं सेल्स नाहीतर सपोर्ट कर, मग प्रॉडक्ट मार्केटिंगला, म्हणजे प्रॉडक्ट गिऱ्हाइकाला कसं सांगायचं ते ठरवायच्या कामाला, उडी मार.