मुलाला भूल द्यायची आहे: पालकांचे प्रश्न, भूलतज्ज्ञांची उत्तरं

हर्निया, टॉन्सिल, खाली न उतरलेला अंडकोष, किडलेले दात ही लहान मुलांची नेहमीची ऑपरेशनं. पण आलेली पत्रं वाचली की कळतं, पालकांना ऑपरेशनपेक्षा भुलेचीच धास्ती जास्त असते. त्यातल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा, वजन १४ किलो. गुरुवारी सकाळी नऊला हर्नियाचं ऑपरेशन आहे. रुग्णालयातून "रात्री बारानंतर काही नाही" एवढंच सांगितलंय. घरचे म्हणतात पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. तो उठल्या उठल्या दूध मागतो. इतका वेळ उपाशी कसा ठेवू? (एक आई, सोलापूर)

आधी उपास कशासाठी ते बघू. जागेपणी अन्नाचा कण श्वासनलिकेकडे वळला तर ठसका लागतो आणि तो बाहेर पडतो. भुलेत ठसकाच लागत नाही. पोटातलं अन्न वर आलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं आणि त्यातून गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून पोट रिकामं हवं. पण सगळे पदार्थ पोटातून सारख्या वेगाने पुढे सरकत नाहीत, त्यामुळे नियमही सगळ्यांना एकच नाही.

जेवण, बिस्किटं, गाईचं किंवा म्हशीचं दूध, डब्याचं दूध, दुधाचा चहा यांना भुलेआधी सहा तास. तेलकट-तुपकट जेवण असेल तर आठ. आईचं दूध लवकर पचतं, त्याला चार तास. साधं पाणी, साखरपाणी, सफरचंदाचा गाळलेला पारदर्शक रस यांना दोन तास. युरोपीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या शिफारशींमध्ये मुलांसाठी पाण्याची ही मर्यादा एक तासावर आणली आहे, पण तुमच्या रुग्णालयात दोन तासांचा नियम असेल तर तोच पाळा.

गफलत होते ती "पाण्यासारख्या" पदार्थांत. वरणाचं पाणी, भाताची पेज, ताक, नाचणीचं सत्त्व, संत्र्याचा रस यांतलं काहीही पाणी नाही. ते सगळं जेवणाच्या हिशेबात धरा.

आता तुमचा गुरुवार. बुधवारी रात्री साडेआठ-नऊपर्यंत नेहमीचं, हलकं जेवण. झोपताना दूध घेत असेल तर ते बाराच्या आत. सकाळी साडेसहाला उठवा आणि सातपर्यंत पाणी किंवा साखरपाणी हवं तेवढं पिऊ द्या. एक तासाचा नियम असलेल्या ठिकाणी सात ते आठच्या शेवटच्या टप्प्यात किलोमागे ३ मिलि, म्हणजे १४ किलोच्या मुलाला साधारण ४० मिलि देतात. "रात्री बारानंतर काही नाही" हे ढोबळ वाक्य झालं. आदल्या दिवशी फोन करून नेमकं विचारा: "शेवटचं दूध किती वाजता आणि शेवटचं पाणी किती वाजता?" नऊचं ऑपरेशन पुढे ढकलून अकराला गेलं, आणि तसं अनेकदा होतं, तर वॉर्डातल्या सिस्टरना पुन्हा विचारा, "आता पाणी देऊ का?" हे विचारायला संकोच करू नका. पाण्यावाचून फार वेळ राहिलेलं मूल चिडचिडं होतं, त्याच्या शिरा सापडत नाहीत, आणि फार लहान बाळाच्या रक्तातली साखर उतरू शकते.

घरातल्या प्रत्येकाला वेळ सांगून ठेवा. निघताना देवापुढचा पेढा नाहीतर हातात दिलेलं बिस्किट, बहुतेक वेळा घोटाळा इथेच होतो. मुलाने काही खाल्लं असेल तर सांगून टाका. फार तर ऑपरेशन काही तास पुढे जाईल. लपवलं तर धोका मुलाला आहे. दम्याचं किंवा फिट्सचं औषध चालू असेल तर ते मनाने बंद करू नका. ती औषधं सहसा त्या सकाळीही घोटभर पाण्यासोबत देतात.

प्रश्न : मुलीचं ॲडेनॉइडचं (नाकाच्या मागच्या गाठीचं) ऑपरेशन ठरलंय आणि तिला सतत सर्दी असते. पुढे ढकलावं का? (सातारा)

ॲडेनॉइड वाढलेल्या मुलीचं नाक वाहणारच, त्यामुळे संपूर्ण कोरड्या नाकाची वाट पाहत बसलात तर ऑपरेशन कधीच होणार नाही. नाकातून स्वच्छ पाणी येतंय, ताप नाही, जेवते-खेळते, छाती मोकळी आहे, तर बहुतेक भूलतज्ज्ञ पुढे जातात.

थांबायचं ते ताप, छातीतून येणारा ओला खोकला, घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, छातीत सूं-सूं किंवा मलूलपणा असेल तेव्हा. संसर्ग झालेली श्वासनलिका हुळहुळी असते. भूल चढताना किंवा उतरताना स्वरयंत्र गच्च आवळलं जातं आणि काही क्षण हवा आत जात नाही. भूलतज्ज्ञ ते हाताळू शकतात, पण मुद्दाम ओढवून घ्यायची ती गोष्ट नाही. ही संवेदनशीलता सर्दी गेल्यावरही काही आठवडे टिकते, म्हणून ऑपरेशन साधारण दोन ते चार आठवडे पुढे नेतात. आदल्या रात्री ताप आला तर सकाळी थेट दारात उभं राहण्यापेक्षा रात्रीच फोन करा. घरात कोणी सिगारेट-बिडी ओढत असेल तर तेही सांगा. धुराने हा धोका वाढतो. आणि ती रात्री घोरते का, घोरता घोरता श्वास थांबतो का, हे तर सांगायलाच हवं, कारण अशा मुलांना वेदनाशामक औषधं जपून द्यावी लागतात आणि ऑपरेशननंतरची रात्र रुग्णालयातच काढावी लागू शकते.

लसीचंही पाहा. बहुतेक लसींनंतर दोन दिवस थांबलं तरी पुरतं. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ताप मात्र पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास येऊ शकतो, त्यामुळे लसीची तारीख भूलतज्ज्ञांना सांगा.

प्रश्न : मुलाला काय सांगायचं? "बागेत जाऊ या" म्हणून नेलं तर चालेल का? (नाशिक)

नका नेऊ. रुग्णालयाचं दार दिसताच त्याला कळेल, आणि त्या क्षणापासून तुमच्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास राहणार नाही. पुढचे चार तास तर त्याला फक्त तुमचाच आधार असतो. "ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" ही धमकीही घरातून हद्दपार करा. तिची किंमत मूल ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) दारात मोजतं.

दोन वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी, सातच्या पुढच्याला आठवडाभर आधी. शब्द साधे ठेवा: "पोटाजवळची गाठ डॉक्टर नीट करणार आहेत. त्याआधी ते खास औषध देतील, तुला गाढ झोप लागेल, काही दुखणार नाही. काम झालं की ते तुला उठवतील आणि मी तिथेच असेन." औषधाने येणारी झोप आणि रोजची झोप वेगळी आहे, हे जरूर सांगा. "आजोबा कायमचे झोपले" असं घरात कधी सांगितलं असेल, तर नुसतं "झोपवणार" हे शब्द मुलाला फार घाबरवतात. "अजिबात दुखणार नाही" असं सुईबद्दल म्हणू नका. "चिमटा काढल्यासारखं होईल, मग संपेल" हे खरं आहे.

भूल देताना नाकातोंडावर धरतात त्या मास्कचा सराव घरी करा. प्लॅस्टिकचा कप नाकातोंडावर धरून फुगा फुगवल्यासारखा श्वास घ्यायचा, आधी बाहुलीने, मग आईने, मग त्याने.

प्रश्न : मला आत येऊ देतील का? आणि सुई लावतात की मास्क? (पुणे)

प्रत्येक रुग्णालयाचा नियम वेगळा, म्हणून आधीच विचारा. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा पालक आत असल्याने मुलाची भीती कमी होते असं ठामपणे दिसलं नाही. मोबाईलवरचं आवडतं कार्टून किंवा गेम यांसारख्या गोष्टी जास्त आश्वासक ठरल्या. तुम्ही स्वतः शांत राहू शकत असाल तरच आत जा. आई रडू लागली की मूलही रडतं. बाबा, मावशी, आजी, जो कोणी शांत असेल तो चालेल. सहा-सात महिन्यांपर्यंतचं बाळ सहसा कोणाच्याही कडेवर जातं, खरी अडचण एक ते पाच वर्षांच्या मुलांची.

मास्कने दिला जाणारा सेव्होफ्लुरेन वायू साधारण एका मिनिटात झोप आणतो. त्या मिनिटात डोळे वर फिरतात, हातपाय झटकले जातात, घोरल्यासारखा आवाज येतो. पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, पण भूल चढण्याचा हा नेहमीचा टप्पा आहे आणि मुलाला तो आठवत नाही. सलाईनची सुई त्यानंतर लावतात. आधीच सुई लावायची असेल तर हाताच्या पाठीवर बधिरतेचं मलम मिळेल का, विचारा. ते किमान तासभर आधी लावून वर चिकटपट्टी झाकावी लागते. वीस मिनिटं आधी लावलेलं मलम निरुपयोगी.

फार घाबरणाऱ्या मुलाला मिडाझोलाम हे औषध पाजतात. परिणाम व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, त्यामुळे ते ओटीच्या दारात मागून उपयोग नाही. त्याची चव कडू असते, मूल थुंकून टाकू शकतं. औषध दिल्यावर त्याला एकटं चालू देऊ नका.

हर्नियासाठी बऱ्याचदा मूल झोपल्यावर माकडहाडापाशी बधिरतेचं इंजेक्शनही देतात. "पाठीत सुई" ऐकून घाबरू नका. त्याने मुख्य भूल कमी लागते आणि उठल्यावर चार-सहा तास दुखत नाही. पाय मात्र थोडा वेळ लटपटतात, तेव्हा त्याला धरून चालवा.

प्रश्न : भुलेने मेंदूवर परिणाम होतो असं वाचलं. मुलगी १० महिन्यांची आहे. (बेळगाव)

ही भीती आली कुठून, ते आधी. प्राण्यांवरच्या प्रयोगांनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला: तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार भूल दिल्यास वाढत्या मेंदूवर परिणाम होण्याची शक्यता आहे. एका छोट्या भुलेबद्दल तो इशारा नव्हता. सात देशांतल्या ७२२ तान्ह्या बाळांच्या अभ्यासात हर्नियासाठी निम्म्यांना सेव्होफ्लुरेनची भूल, तर निम्म्यांना जागेपणी फक्त खालचा भाग बधिर करणारी भूल, अशी विभागणी केली होती. भुलेचा काळ साधारण तासाभराच्या आत होता. पाचव्या वर्षी दोन्ही गटांच्या बुद्ध्यांकात फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेकदा भूल मिळालेल्या मुलांत काही चाचण्यांमध्ये थोडा फरक दिसला आहे, पण त्या मुलांचे मूळ आजारही मोठे असतात. म्हणून सर्जनना एवढंच विचारा: "हे ऑपरेशन थांबवलं तर काय होईल?" उदाहरणार्थ, लहान बाळाचा हर्निया अडकू शकतो, आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तिथे थांबणं हाच मोठा धोका.

प्रश्न : भूलतज्ज्ञांना घरच्यांबद्दल काय सांगावं? (नंदुरबार)

तुमच्या भागात पहिली गोष्ट सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. नंदुरबार, धुळे, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात तो बराच आढळतो. मुलाची तपासणी झाली नसेल तर भुलेआधी करून घ्या. सिकलसेलच्या मुलाला लांब उपास, थंडी आणि ऑक्सिजनची कमतरता तिन्ही सोसत नाहीत, त्यामुळे सलाईन, उबदार पांघरूण, ऑपरेशनची वेळ सगळं वेगळं ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट स्नायूंची. मुलगा उशिरा चालायला लागला, जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात टेकतो, किंवा मामाला, मावसभावाला स्नायूंचा आजार आहे, हे आवर्जून सांगा. काही भुलेची औषधं अशा मुलांच्या जिवावर बेतू शकतात, आणि ती टाळता येतात. नात्यात कोणाला भुलेत अचानक प्रचंड ताप आला होता किंवा भूल उतरायला फार वेळ लागला होता, तेही सांगा. दिवस भरण्याआधी जन्मलेलं तान्हं बाळ, हलणारा दात, औषधाची ॲलर्जी, ही यादी कागदावर लिहूनच न्या.

प्रश्न : काजळ, काळा दोरा, पैंजण चालतील का? (कोल्हापूर)

पैंजण, बांगड्या, कानातले, धातूचा ताईत घरीच काढा. रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेचं उपकरण वापरतात, त्याने धातूखाली चटका बसू शकतो. नुसता काळा दोरा असेल तर सिस्टरना विचारा, बऱ्याच ठिकाणी चिकटपट्टीखाली राहू देतात. छातीला तेल लावू नका, हृदयाच्या नोंदीचे स्टिकर चिकटत नाहीत. नेलपॉलिश आणि काजळ पुसून टाका.

प्रश्न : मागच्या वेळी शुद्धीवर आल्यावर मुलगी मला ओळखत नव्हती, अंग टाकून रडत होती. पुन्हा तसंच होईल? (ठाणे)

दोन ते पाच वर्षांच्या मुलांत, विशेषतः सेव्होफ्लुरेननंतर, हे बऱ्यापैकी दिसतं. मूल जागं दिसतं पण भानावर नसतं. बहुधा पाच ते वीस मिनिटांत आपोआप थांबतं. तिला हलवून जागं करायचा प्रयत्न नको. पडू नये, सलाईन निघू नये एवढं पाहा, एकाच माणसाने हळू बोला. आणि मागच्या वेळी असं झालं होतं हे आधी सांगा, औषधं बदलता येतात.

घरी दुखण्याचं औषध देताना मात्र फार काळजी घ्या. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिग्रॅ, सहा तासांनी, दिवसात चारच वेळा. १४ किलोच्या मुलाला २१० मिग्रॅ. बाजारात मात्र वेगवेगळ्या ताकदींची बाटली मिळते: ५ मिलिमध्ये १२० मिग्रॅ असेल तर पावणेनऊ मिलि, २५० मिग्रॅ असेल तर ४.२ मिलि, आणि १ मिलिमध्ये १०० मिग्रॅचे ड्रॉप्स असतील तर २.१ मिलि. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं की डोस दुप्पट, किंवा त्याहूनही जास्त. आयबुप्रोफेनच्या काही सिरपमध्ये पॅरासिटामॉलही मिसळलेलं असतं, त्यामुळे लेबल वाचा. माकडहाडाचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याचा असर उतरायची वाट पाहू नका, पहिला डोस आधीच द्या. फक्त ओटीत पॅरासिटामॉल दिलं होतं का आणि किती वाजता, हे निघण्याआधी विचारून घ्या.

दुचाकीवर नेऊ नका. गाडीत एक चालवणारा आणि एक मुलाजवळ बसणारा, अशी दोन माणसं हवीत. आधी घोटभर पाणी, टिकलं तर मऊ भात, बळजबरी नको. पुढचे पंधरा दिवस रात्री दचकून उठणं, अंथरूण ओलं करणं, आईला चिकटून राहणं हे बऱ्याच मुलांत होतं आणि ओसरतं. श्वासाला घरघर, उठवूनही नीट न उठणं, तीनपेक्षा जास्त उलट्या, जखमेतून रक्त, आठ तासांत लघवी न होणं किंवा १०१ फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात फोन करा.