वाचक विचारतात : आफ्रिकेचा सिनेमा गावच्या हॉलमध्ये

प्रश्न : आमच्याकडे बारावी झाली की निम्मा वर्ग मुंबई-पुण्याची गाडी पकडतो. जे राहतात त्यांना 'घराकच रवलंस?' हे ऐकून घ्यावं लागतं. याच विषयावरचे आफ्रिकी चित्रपट कॉलेजात चार शुक्रवारी दाखवायचे आहेत. कोणते घ्यावेत आणि कोणत्या क्रमाने?
– प्राध्यापिका, देवगड

उत्तर : होडीने युरोपला निघालेल्यांच्या चित्रपटांपासून सुरुवात करू नका. खवळलेल्या समुद्रातली माणसं पहिल्याच शुक्रवारी दाखवलीत तर मुलं हळहळतील आणि 'आपल्याकडे एवढं वाईट नाही' म्हणून मोकळी होतील. आफ्रिकेतल्या दिग्दर्शकांनी या विषयावर जे उत्तम काम केलंय, त्यातलं बरंचसं किनाऱ्यावरच घडतं.

पहिला ठेवा 'मांदाबी' (१९६८, सेनेगल, दिग्दर्शक उस्मान सेम्बेन). पॅरिसमध्ये रस्ते झाडणारा भाचा डाकारमधल्या बेकार मामाला २५,००० फ्रँकची मनीऑर्डर पाठवतो. त्यातले थोडेच मामाचे, बाकीचे भाच्याच्या आईचे आणि त्याच्या साठवणीचे. पोस्टात ओळखपत्र मागतात, ओळखपत्राला जन्मदाखला लागतो, आणि तोवर उधारीवाले नि नातेवाईक दारात उभे. गेलेला मुलगा पडद्यावर जेमतेम दिसतो, पण त्याच्या पैशाने अख्खी आळी हलते. कोकणाची कित्येक दशकं मनीऑर्डरवर गेलेली, त्यामुळे प्रस्तावनेची गरज नाही. मुलं हसतील, हसू द्या.

दुसऱ्या शुक्रवारी 'एयिमोफे' (२०२०, नायजेरिया, आरी आणि चुको एसिरी). लागोसमधला इलेक्ट्रिशियन मोफे स्पेनला निघालाय, केस कापणारी रोझा इटलीला. चित्रपटाच्या दोन भागांची नावंच 'स्पेन' आणि 'इटली' आहेत, आणि दोन्ही देश शेवटपर्यंत दिसत नाहीत. पासपोर्ट, दवाखान्याचं बिल, वारसाचे कागद, घरभाडं यांतच पैसा आणि जीव जातो. गुंतलेल्या वायरींचा बोर्ड बघून आयटीआयची मुलं सावरून बसतील. जनरेटरच्या धुराने घरातली माणसं दगावण्याचा प्रसंग यात आहे, तो आधी सांगून ठेवा. लांबी दोन तासांच्या जवळ जाते, तेव्हा सुरुवातीची वेळ शेवटच्या एसटीवरून उलटी मोजा.

तिसरा 'तूकी बूकी' (१९७३, जिब्रिल दियॉप माम्बेती). हा पहिला लावलात तर मुलं उठून जातील. कथा सरळ रेषेत जात नाही, आणि सुरुवातीलाच कत्तलखान्यातली खरी दृश्यं आहेत. ज्यांना नको असेल त्यांना पहिली दहा मिनिटं बाहेर थांबायची मुभा द्या. मोरी आणि आंता पॅरिसला जायचं ठरवतात, चोऱ्या करून तिकिटाचे पैसे जमवतात, बंदरापर्यंत पोहोचतातही. आंता बोटीवर चढते, मोरी ऐनवेळी उलट धावत सुटतो. तो का थांबला हे चित्रपट सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. माम्बेतीची पुतणी माती दियॉप हिने २०१३ मध्ये 'मिल सोलेय' हा पाऊण तासाचा चित्रपट केला. त्यात मोरीचं काम करणारा नट चाळीस वर्षांनंतर डाकारमध्येच गुरं राखताना दिसतो. वेळ असेल तर दोन्ही एकापाठोपाठ दाखवा. राहिलेल्याचं पुढे काय झालं, हे इतक्या उघडपणे क्वचितच बघायला मिळतं.

शेवटचा तिचाच 'आत्लांतीक' (२०१९). याला फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्राँ प्री हा पुरस्कार मिळाला. टॉवरच्या बांधकामावर राबणाऱ्या मुलांची मजुरी थकते, ती रातोरात होडीने निघून जातात आणि कॅमेरा मागे राहिलेल्या मुलींपाशी थांबतो. बुडालेले परत येतात ते त्या मुलींच्या अंगात, आणि मालकाकडे थकलेली मजुरी मागतात. अंगात येणं कोकणात समजावून सांगावं लागणार नाही, ही तुमची जमेची बाजू.

चर्चा वीस मिनिटंच ठेवा. 'त्याने बरोबर केलं का?' असं विचारलंत की हात वर-खाली होतात आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारा : पैसे कोणाचे होते? कोणाला सांगितलं, कोणापासून लपवलं? कागद कोणाच्या हातात होते? मागे कोणाचं काम वाढलं?

प्रश्न : वाचनालयात नेटफ्लिक्सवरून प्रोजेक्टरला जोडून दाखवलं तर चालेल का? तिकीट लावणार नाही.
– ग्रंथालय कार्यकर्ता, दापोली

उत्तर : नाही. ते खातं घरगुती वापरासाठी असतं, तिकीट नसलं तरी खेळ सार्वजनिकच ठरतो.

कॉलेज आणि वाचनालय यांची गोष्ट वेगळी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे : प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असतील तर संस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवता येतो. म्हणजे देवगडच्या बाईंनी रीतसर विकत घेतलेली डिस्क लावावी. मात्र डिस्क मागवताना विभाग, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते, बघा. अमेरिकेत निघालेल्या ब्ल्यू-रे डिस्क बहुधा 'ए' विभागाच्या असतात, भारत 'सी' मध्ये येतो. साध्या प्लेअरवर अशी डिस्क उघडतच नाही, आणि हे कळतं ते हॉल भरल्यावर. सर्व विभाग चालवणारा प्लेअर आधी मिळवा आणि डिस्क शेवटपर्यंत चालवून बघा.

वाचनालयाला ही सवलत नाही. वितरकाला किमान सहा ते आठ आठवडे आधी ईमेल करा. त्यात गाव, तारीख, आसनसंख्या, प्रवेश विनामूल्य असल्याचं आणि किती खेळ होणार ते लिहा. एका खेळाचं शुल्क विचारा आणि फाइल मिळेल की डिस्क, हेही. ज्या आफ्रिकी चित्रपटांत फ्रेंच भाषेचा किंवा पैशाचा संबंध आहे, त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. फ्रान्सच्या आंस्तित्यू फ्रांसे या संस्थेचा 'सिनेमाथेक आफ्रिक' हा १९६१ पासूनचा संग्रह बिगर-व्यावसायिक खेळांसाठीच आहे. चौकशी मुंबई, पुणे किंवा पणजीच्या आलियाँस फ्रांसेज या फ्रेंच भाषा-संस्कृती केंद्रात करा. तळकोकणातून पणजी सोयीची.

हक्क मिळाले तरी सार्वजनिक खेळाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, आणि यातल्या बहुतेक चित्रपटांना ते नसणार. म्हणून फिल्म सोसायटी काढून फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी (स्थापना १९५९) संलग्न व्हा आणि खेळ सदस्यांपुरता ठेवा. दारावर आयत्या वेळी नावं लिहून 'सदस्य' करण्याची पद्धत आहे, ती टाळा.

प्रश्न : मराठी सबटायटल केली, पण पडद्यावर चौकोन येतात. दुसऱ्या एका चित्रपटात अक्षरं हळूहळू संवादाच्या मागे पडत गेली.
– विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत.

चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात ती फाइल जुन्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) साठवल्यामुळे किंवा फॉन्टमध्ये देवनागरी नसल्यामुळे. फाइल 'यूटीएफ-८' मध्ये साठवा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या सबटायटल सेटिंगमध्येही तेच एन्कोडिंग आणि नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट निवडा. जोडाक्षरं तुटत असतील तर व्हीएलसीची आवृत्ती जुनी आहे. रंग पिवळा आणि कड काळी ठेवा. 'मांदाबी'त पांढरे झगे आणि वाळू इतकी आहे की पांढरी अक्षरं गडप होतात. एका वेळी दोनच ओळी, ओळीत तीस-पस्तीस अक्षरं, आणि कुठलीही ओळ एक सेकंदाहून कमी नको.

मागे पडण्याबद्दल : अंतर सुरुवातीपासून सारखंच असेल तर व्हीएलसीत 'जी' आणि 'एच' या कळांनी सबटायटल पुढे-मागे सरकतात. वाढत जाणारं अंतर म्हणजे चित्र सेकंदाला २४ फ्रेमचं आणि सबटायटल २५ च्या प्रतीवर बेतलेली, किंवा उलट. दीड तासात हा फरक साडेतीन मिनिटांच्या पुढे जातो, तिथे कळा दाबून उपयोग नाही. 'सबटायटल एडिट' या मोफत प्रोग्रॅममध्ये फ्रेमरेट बदला आणि पहिला, मधला, शेवटचा संवाद तपासा.

प्रश्न : आमचे पोरगे मुंबईत आणि आमच्या होड्यांवर खलाशी नेपाळचे. बाहेरून आलेल्यांवर काही आहे का? आणि मच्छीमारांवर?
– मच्छीमार, मालवण

उत्तर : पहिल्यासाठी 'एरेमाकोनो' (२००२, अब्देरहमान सिसाको). मॉरिटानियातलं नुआधिबू हे खनिज आणि मासळीचं बंदर, युरोपला जायची वाट बघणाऱ्यांचा थांबा. तिथे घड्याळं विकणारा चिनी माणूस कराओकेवर गातो. आईकडे आलेल्या अब्दल्लाला मात्र गावची बोली येत नाही, तो जमिनीलगतच्या खिडकीतून लोकांचे पाय बघत बसतो. परका कोण, याचा हिशेब उलटा होतो. गती फार संथ आहे, रात्रीच्या जेवणानंतर लावू नका.

दुसऱ्यासाठी 'ला पिरोग' (२०१२, मूसा तुरे). बाये लाये हा अनुभवी तांडेल, मासळी उरली नाही म्हणून तीसेक माणसं लाकडी होडीतून स्पेनकडे न्यायला तयार होतो, मनाविरुद्ध. परदेशी ट्रॉलरनी सेनेगलचा समुद्र उपसल्याची पार्श्वभूमी त्यामागे आहे. एलईडी दिवे लावून मासे पकडणाऱ्यांशी भांडणाऱ्यांना ती समजेल. २००६ या एका वर्षात अशा होड्यांतून ३१ हजारांहून जास्त माणसं कॅनरी बेटांवर उतरली होती. हा चित्रपट मच्छीमारांना दाखवाल तेव्हा चर्चेची जबाबदारी एखाद्या तांडेलावरच द्या. इंजिन, इंधन, दिशा यांतल्या चुका तो पकडेल आणि बाकीचे बोलू लागतील.

प्रश्न : 'इयो कापितानो' आफ्रिकी म्हणायचा का?
– वाचक, अलिबाग

उत्तर : भाषा बरीचशी वोलोफ, मुलं डाकारची, पण दिग्दर्शक मात्तेओ गारोने इटालियन. व्हेनिसमध्ये २०२३ साली त्याला दिग्दर्शनाचा रौप्य सिंह मिळाला. चित्रपट चांगला आहे, पण तो वाळवंट आणि समुद्र पार करण्याच्या संकटांत रमतो, मुलांचं घर लवकर मागे टाकतो. वरच्या चारांनंतर दाखवा.

प्रश्न : पावसाळ्यात खेळ ठेवावेत का? सामान किती लागेल?
– ग्रामपंचायत सदस्य, गुहागर

उत्तर : पत्र्याच्या हॉलमध्ये जून ते सप्टेंबर नको, सर आली की संवाद ऐकूच येत नाहीत. स्लॅबची इमारत असेल तर चालेल. दहा फूट रुंद पडदा, ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर आणि १२ इंची दोन स्पीकर शंभर माणसांना पुरतात. पहिली रांग पडद्यापासून पंधरा फुटांवर. पडद्यासाठी पांढरी चादर वापरलीत तर मागे काळं कापड लावा, नाहीतर उजेड आरपार जातो. दिव्याचा प्रोजेक्टर यूपीएसवरच ठेवा. वीज अचानक गेली की पंखा बंद पडतो आणि तापलेला दिवा निवत नाही. उघड्यावर केलंत तर रात्री १० ला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, हे धरून वेळ ठरवा. मे महिन्यात चाकरमानी गावात असतात, म्हणजे गेलेले आणि राहिलेले एकाच हॉलमध्ये बसतील. तेव्हा अंधार उशिरा पडतो, पावणेआठच्या आत सुरू करू नका, आणि 'एयिमोफे'सारखा लांबीचा चित्रपट उघड्यावर घेऊच नका.